आधीचा हात

मायरन हॉलोवाच,
तुमचा ट्रक माझ्या गॅरेजात येऊन आज अकरा आठवडे झाले.
आठशे डॉलर मोजले मी. त्यातले शंभर
तुमच्या बायकोनं परत माझ्या मुठीत कोंबले,
म्हणाली, ओढून न्यायला लागतील.
बाहेर उणे अठ्ठावीस. गव्हाच्या कोठाराला वळसा घालून
वारा येतो तो थेट दाराच्या फटीतून आत.
मी भूगोल शिकवते. नद्यांचे उगम मला पाठ आहेत.
तेल कुठून गळतंय ते सापडायला मात्र
चार रविवार गेले.

आधी तर तुम्हाला शिव्याच घातल्या.
सायलेन्सरच्या भोकाभोवती सूपचा डबा,
कापून, गुंडाळून, दोन पट्ट्यांनी आवळलेला;
टोमॅटोचा लाल अजून ओळखू येतो.
फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी.
दाराच्या पोटात, काच खाली घसरू नये म्हणून,
लाकडाची पाचर, आणि तिच्यावर पेन्सिलीनं :
उन्हाळ्यात काढणे.
कुठल्या उन्हाळ्यात, मायरन?

आणि तो बोल्ट. पाण्याच्या पंपाचा, खालून तिसरा.
डोकं झिजून गोल, कुठलाच पाना धरेना.
तेल पाजलं, तापवला, हातोडीनं समजावला,
शेवटी विनवण्या केल्या.
पाना सटकला, बोटांची सालं निघाली,
आणि विजेरीच्या उजेडात दिसलं :
बाजूच्या लोखंडावर जुने ओरखडे,
नेमके तिथेच.
तुम्हीही सटकला होतात.
त्या दिवसापासून शिव्या जरा मवाळ झाल्या.

विजेरी धरायला शेजारचा कोल्बी येतो, बारा वर्षांचा.
"तुम्हाला हे येतं?"
"नाही."
"मग?"
मग काय. मी म्हटलं, उजेड डावीकडे घे.

चालकाच्या डोक्यावरची झडप उघडली तर आत तुमची वही :
काटा खोटं सांगतो. तीनशे मैलांना भरणे.
मे, तेल. ऑक्टोबर, तेल. मे, तेल.
मग एका जानेवारीत, घाईचं अक्षर :
स्टेफनीला दवाखाना. पहिल्या झटक्यात सुरू झाला.
त्याखाली पुन्हा तेल, तेल, तेल,
जणू मधे काही घडलंच नाही.
शेवटची ओळ : टकटक येतेय. बघणे.

फेब्रुवारीत दोन मिनिटं चालला, आणि ऐकली मी ती.
लोखंडावर लोखंड, दार वाजवल्यासारखी.
पुस्तक म्हणालं, बेअरिंग. रस्त्यापलीकडचा लायल म्हणाला,
भंगारात घाल.
अर्धं इंजिन मी जुन्या चादरींवर मांडलं,
प्रत्येक नटाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर ग्रीसचा अंगठा.
सगळं ठणठणीत.

आणि मग इंजिनाच्या पायाशी, चौकटीच्या बेचक्यात,
कोल्बीचा हात पोचला, माझा पोचत नव्हता :
एक पाना.
एका बाजूनं कानशीनं घासलेला, तिरका,
एकाच बोल्टासाठी, सगळ्या जगात एकाच.
तुम्ही तो घडवलात, आणि पाडलात,
आणि किती वर्षं शोधत राहिलात, गाडी चालवत,
तो बिचारा खालून ठोठावत असताना.

लावला. बसला, जणू किल्ली.
पाव फेरा फिरला,
आणि बोल्ट तुटला.
बराच वेळ मी काही बोलले नाही. तुम्हीही.

उरलेला तुकडा छिद्र पाडून काढला, दोन शनिवार लागले.
नवा बोल्ट बसवला. एक वायसर उरलाय,
तो कुठला ते विचारू नका.
आज सुरू झाला. धूर निळा, मग पांढरा, मग नुसताच थंडीचा.
गिअर एकच पडतो, उलटा.
तर मी मान मागे वळवून, तोंडात भोंगा नसलेल्या गाडीचा भोंगा वाजवत,
टपालाच्या पेटीपर्यंत उलटी गेले;
कोल्बी पुढे, म्हणजे मागे, पळत होता.

सूपचा डबा काढला नाही. पट्ट्या तेवढ्या आवळल्या.
वहीत तुमच्या ओळीखाली लिहिलं :
नऊ मार्च. टकटक, पाना, तुमचाच, खिळ्याला टांगलाय.
मागे जातो.
पुढचं बघणे.